घरासोबत विकत घेतलेला पोटभाडेकरू : मॅरियट, स्टारवुड आणि मागे राहिलेला सर्व्हर

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी जसं रेकॉर्ड झालं तसंच.)

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की दोन कंपन्या एक होतात तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरचं काय होतं. पेपरात फोटो येतो, दोन साहेब हात मिळवतायत, मागे दोन लोगो. आणि बातमीत आकडा असतो, इतके अब्ज डॉलर. पण त्या फोटोनंतरच्या सोमवारी कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये एक पोरगा बसलेला असतो, आणि त्याला सांगितलेलं असतं की त्यांचा तो जुना सर्व्हर आपल्या डोमेनमध्ये घ्यायचाय, बघ जरा. आजचा भाग त्या "बघ जरा"बद्दल आहे.

गोष्ट मॅरियट आणि स्टारवुडची आहे. पण तिच्याआधी डोमेन म्हणजे काय आणि जुना सर्व्हर नव्या डोमेनमध्ये नांदायला का तयार होत नाही, हे समजून घ्यावं लागेल. दहा मिनिटं धीर धरा.

डोमेन म्हटलं की लोकांना वेबसाइटचं नाव आठवतं. इथे तो अर्थ नाही. ऑफिसच्या नेटवर्कमधलं डोमेन म्हणजे एक सामायिक हजेरीपुस्तक. कोण आपला, कोण परका आणि आपल्यातल्या कुणाला कुठपर्यंत मुभा, हे सगळं एका जागी लिहिलेलं. हे नसेल तर ऑफिसात दहा सर्व्हर असले की दहा ठिकाणी तुमचं खातं उघडायचं आणि दहा पासवर्ड लक्षात ठेवायचे. मायक्रोसॉफ्टने जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आणलं. डेक कंपनीतून आलेले डेव्ह कटलर त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. त्यात डोमेनची व्यवस्था अशी की एक मुख्य सर्व्हर, ज्याच्याकडे मूळ हजेरीपुस्तक, आणि बाकीच्यांकडे त्याच्या प्रती. नवीन माणूस नोंदवायचा तर फक्त मुख्य सर्व्हरवर. त्या पुस्तकाला मर्यादाही होती, साधारण ४०,००० नोंदी झाल्या की ते कुरकुरायला लागायचं. म्हणून मोठ्या कंपन्यांनी डोमेनं वाढवत नेली. मुंबईचं एक, पुण्याचं एक, फॅक्टरीचं एक. मग या डोमेनांमध्ये "ट्रस्ट" जोडायचे. ट्रस्ट म्हणजे व्याह्यांचं नातं समजा. त्यांच्या घरचा माणूस आला तर आपण दारात ओळखपत्र मागत नाही, त्यांनी ओळख दिली आहे म्हणून आत घेतो.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सोबत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. नोंदींची मर्यादा गेली आणि ओळख पटवण्याची पद्धतही बदलली. आधी एनटीएलएम नावाची पद्धत होती, आता कर्बेरॉस आलं. हे एमआयटीच्या अथेना प्रकल्पात तयार झालेलं. कर्बेरॉसला घड्याळाचं वेड आहे. तुमचं आणि सर्व्हरचं घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त पुढेमागे असलं तर तो तुम्हाला दारातच उभं करतो. जुना सर्व्हर डोमेनमध्ये येत नाही म्हणून दिवसभर डोकं फोडायचं आणि संध्याकाळी कळायचं की त्याचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाने घेतलाय.

आता खरी मेख. डोमेनच्या हजेरीपुस्तकात तुमचं नाव असतं, पण कॉम्प्युटर नाव बघत नाही. तो बघतो एक लांबलचक क्रमांक, त्याला एसआयडी म्हणतात. या क्रमांकाचा पुढचा भाग डोमेनचा आणि शेवटचे आकडे तुमचे. फाइलवर, फोल्डरवर, प्रिंटरवर जिथे जिथे "याला परवानगी आहे" असं लिहिलेलं असतं, तिथे हा क्रमांक असतो, नाव नसतं. समजा, सातबाऱ्यावर नावाऐवजी फक्त आधार नंबर लिहिलाय, आणि तालुका बदलला की आधार नंबरही बदलतो. माणूस तोच, जमीन तीच, पण तलाठी म्हणणार की तुम्ही कोण? विलीनीकरणात नेमकं हेच होतं. माणसं नव्या डोमेनमध्ये गेली की त्यांचा क्रमांक नवा होतो. नाव, हुद्दा आणि खुर्ची तीच राहते, पण जुन्या सर्व्हरवरची १५ वर्षांची कागदपत्रं त्यांना ओळखायला तयार नसतात.

यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००मध्ये एक तोड काढली. नव्या खात्याच्या पोटात जुना क्रमांकही ठेवायचा. त्याला एसआयडी हिस्टरी म्हणतात. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकेत "पूर्वाश्रमीच्या अमुक" असं कंसात लिहितात ना, तसं. जुना सर्व्हर विचारतो कोण, नवं खातं म्हणतं मी पूर्वाश्रमीचा तोच, आणि दार उघडतं. छान. पण दोनच वर्षांत, जानेवारी २००२मध्ये, मायक्रोसॉफ्टला सुरक्षेची सूचना काढावी लागली. व्याह्यांच्या घरात एखादा बदमाश व्यवस्थापक असेल, तर तो आपल्या माणसाच्या पूर्वाश्रमीच्या रकान्यात आपल्याच घरच्या कर्त्याचा क्रमांक लिहून पाठवू शकतो, आणि आपण तो मुकाट्याने मान्य करतो! मग गाळणी आली, म्हणजे बाहेरून येणारे असे क्रमांक तपासून टाकून द्यायचे. पण गाळणी लावली की पुन्हा जुनी कागदपत्रं बंद. विलीनीकरणाच्या काळात कित्येक ठिकाणी ही गाळणी "तात्पुरती" काढून ठेवतात. आपल्याकडे तात्पुरतं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

एवढं झालं की बाकीच्या अडचणी पटकन समजतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं नाव कोडमध्येच कोरलेलं असतं, त्यामुळे नाव बदललं की ते मेलं. रात्री आपोआप चालणारी कामं कुणाच्या तरी खात्यावर चालत असतात आणि तो माणूस २००९ सालीच नोकरी सोडून गेलेला असतो. त्याचा पासवर्ड कुणाला माहीत नाही म्हणून कुणी बदलतही नाही.

मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका प्रकल्पावर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. विकत घेतलेल्या कंपनीत विंडोज सर्व्हर २००३वर चालणारी एक पगाराची प्रणाली होती. कॅबिनेटवर मार्करने लिहिलेलं होतं, "बंद करू नये". का करू नये, ते एकाच माणसाला ठाऊक होतं. सगळे त्यांना काका म्हणायचे. विलीनीकरणाच्या पहिल्या यादीत ज्यांना घरी पाठवलं त्यात काका होते, कारण त्यांचा हुद्दा "सहायक" होता आणि नव्या कंपनीच्या रचनेत त्या हुद्द्याला जागा नव्हती. पुढे तीन महिने आम्ही पाच जण, त्यात दोन बाहेरून आणलेले सल्लागार, काकांनी काय करून ठेवलंय ते शोधत होतो. काकांना फोन करायची परवानगी कायदा विभागाने दिली नाही. यातला राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या गोष्टीतही काका आहेत, फक्त ते अमेरिकेत आहेत.

तर, मॅरियट.

१६ नोव्हेंबर २०१५ला मॅरियटने जाहीर केलं की ती स्टारवुड विकत घेणार, १२.२ अब्ज डॉलरला. स्टारवुड म्हणजे शेरॉटन, वेस्टिन, सेंट रेजिस, ल मेरिडियन, डब्ल्यू ही सगळी नावं. पुण्या-मुंबईत यातली बरीच तुम्ही बाहेरून तरी बघितली असतील, आणि आयटीतल्या ज्यांनी ऑनसाइट केलंय त्यांनी आतूनही. मध्येच चीनच्या आनबांग विमा कंपनीने जास्त बोली लावली, खेचाखेची झाली, भाव वाढला, आणि शेवटी २३ सप्टेंबर २०१६ला साधारण १३ अब्ज डॉलरमध्ये सौदा पुरा झाला. जगातली सगळ्यात मोठी हॉटेल कंपनी. ५,७०० हॉटेलं, ११ लाख खोल्या, ३० ब्रँड.

आता एक तारीख लक्षात ठेवा. सौदा जाहीर झाला १६ नोव्हेंबरला. चारच दिवसांनी स्टारवुडने जाहीर केलं की त्यांच्या काही हॉटेलांतल्या उपाहारगृहांच्या आणि दुकानांच्या बिलिंग यंत्रांमध्ये कार्डाची माहिती चोरणारं सॉफ्टवेअर सापडलंय. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नंतर नोंदवलं की ती चोरी जून २०१४पासून चालू होती आणि १४ महिने कुणाला कळली नव्हती. ४०,०००हून अधिक ग्राहकांची कार्डं. म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर चौथ्या दिवशी कळावं की घराला वाळवी लागलीये. तेव्हा सांगितलं गेलं की आरक्षणाच्या मुख्य प्रणालीला काही झालेलं नाही. लग्न ठरलं ते ठरलं.

त्या मुख्य प्रणालीचं नाव होतं व्हल्हाला. नॉर्स पुराणात मेलेले वीर जिथे जाऊन मेजवानी झोडतात तो महाल. सर्व्हरला नावं ठेवायची इंजिनिअर लोकांची हौस मला मान्य आहे, पण पाहुण्यांच्या आरक्षणाच्या यंत्रणेला मेलेल्यांच्या महालाचं नाव देणं म्हणजे जरा अतीच झालं.

मॅरियटकडे स्वतःची आरक्षण प्रणाली होती, मार्शा. प्रश्न आला की दोन्हींचं काय करायचं? कंपनीने ठरवलं की मार्शा ठेवायची आणि व्हल्हाला निवृत्त करायची. निर्णय बरोबर होता. पण स्टारवुडची १,३००च्या आसपास हॉटेलं एकेक करून मार्शावर आणायची, कर्मचाऱ्यांना शिकवायचं, दोन्हींकडच्या पॉइंटांच्या योजना एक करायच्या, याला दोन वर्षं लागणार होती. तोपर्यंत व्हल्हाला चालूच ठेवायची, मॅरियटच्या नेटवर्कपासून वेगळी. जुनं घर विकायला काढलंय म्हणून आपण त्याला रंग देत नाही, गळकं छप्पर बदलत नाही. निवृत्तीची तारीख ठरलेल्या सर्व्हरचं तेच होतं. नवीन पैसा कुणी टाकत नाही आणि हुशार माणसं नव्या प्रणालीवर हलवली जातात. स्टारवुडचं मुख्यालय कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डला होतं. तिथले बहुतेक कर्मचारी विलीनीकरणानंतर गेले, त्यात व्हल्हाला आणि तिची सुरक्षा सांभाळणारेही होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. हेच ते काका.

आणि कुणालाही माहीत नव्हतं की व्हल्हालामध्ये आधीपासूनच कुणीतरी राहतंय.

२९ जुलै २०१४. मॅरियटने बोली लावायच्या सव्वा वर्ष आधी. स्टारवुडच्या नेटवर्कमधल्या एका यंत्रावर कुणीतरी एक वेब शेल बसवलं. वेब शेल म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक छोटी फाइल, जी बाहेरून ब्राउझरमधून हुकूम घेते आणि आत बजावते. मग त्यांनी दूरवरून यंत्र चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यासोबत मिमिकॅट्झ. हे मिमिकॅट्झ बाँजामँ देल्पी नावाच्या एका फ्रेंच माणसाने लिहिलेलं. विंडोजच्या मेमरीत लॉगिन केलेल्या लोकांच्या ओळखीचे अवशेष पडून राहतात, ते हे उचलतं. म्हणजे तिथे एखादा व्यवस्थापक येऊन लॉगिन करून गेला की त्याच्या किल्लीचा ठसा यांच्याकडे. मघाशी डोमेनचं हजेरीपुस्तक सांगितलं ते याचसाठी. या चोराला कुलूप तोडायची गरजच नाही, कारण पुस्तकात तो आपलाच माणूस असतो.

बघा, हा माणूस पोटभाडेकरू आहे. मालक बदलला, खरेदीखत झालं, नवीन पाटी लागली. पोटभाडेकरू मागच्या खोलीत तसाच. चार वर्षं, त्यातली दोन स्टारवुडच्या काळात आणि दोन मॅरियटच्या.

सापडला कसा, ते मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडतं. ७ सप्टेंबर २०१८ला डेटाबेसवर पहारा ठेवणाऱ्या गार्डियम या सॉफ्टवेअरने घंटा वाजवली. कुणीतरी पाहुण्यांच्या मुख्य तक्त्यावर एक प्रश्न चालवला होता, यात एकूण ओळी किती आहेत? बस्स. एसक्यूएल शिकताना पहिल्या आठवड्यात आपण सगळे लिहितो तो प्रश्न. रोजच्या कामात हॉटेलचं सॉफ्टवेअर असं कधी विचारत नाही, त्याला एका पाहुण्याचं आरक्षण हवं असतं. एकूण मोजदाद माणूस करतो. दुसऱ्या दिवशी मॅरियटला कळवलं गेलं. ज्या व्यवस्थापकाच्या खात्यावरून प्रश्न आला होता त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी नाही. मग खोदकाम सुरू झालं. आधी दूरवरून चालवायचं सॉफ्टवेअर सापडलं, ऑक्टोबरमध्ये मिमिकॅट्झ सापडलं. नोव्हेंबरच्या मध्यावर पुसून टाकलेल्या दोन कुलूपबंद फाइल सापडल्या. १९ नोव्हेंबरला त्या उघडल्या तेव्हा कळलं की एकात आरक्षणाच्या तक्त्याची माहिती आहे आणि दुसरीत पासपोर्टची. ३० नोव्हेंबरला जगाला सांगितलं.

पहिला आकडा होता ५० कोटी पाहुण्यांपर्यंत. नंतर दुहेरी नोंदी वगळून तो ३८.३ कोटींवर आला आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ३३.९ कोटी धरला. आकडे मोठे झाले की डोळ्यांवरून जातात, म्हणून त्यातला एकच सांगतो. ५२.५ लाख पासपोर्ट क्रमांक साध्या, वाचता येण्याजोग्या स्वरूपात होते. आणखी २ कोटींहून अधिक कुलूपबंद होते. कार्ड हरवलं की बँकेला फोन करून ते बंद करता येतं. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि तुम्ही कोणत्या तारखांना कोणत्या शहरात, कोणत्या हॉटेलात होतात, हे कुठे फोन करून बंद करणार? त्या माहितीचं मोल कार्डचोराला नसतं, हेरखात्याला असतं. डिसेंबर २०१८मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री माइक पॉम्पेओ यांनी उघडपणे चीनकडे बोट दाखवलं. चीनने हात झटकले.

ब्रिटनच्या कार्यालयाचा निकाल वाचण्यासारखा आहे. मी तो लोकलमध्ये दोन दिवसांत वाचला. जुलै २०१९मध्ये त्यांनी ९ कोटी ९० लाख पौंडांहून अधिक दंडाचा इरादा जाहीर केला होता. ऑक्टोबर २०२०मध्ये प्रत्यक्ष दंड झाला १ कोटी ८४ लाख पौंड. आता दोष कशात काढला बघा. खरेदीपूर्वी तपासणी का केली नाही, यावर त्यांनी फार जोर दिला नाही. दुसऱ्या कंपनीचा माल विकत घ्यायच्या आधी तिच्या सर्व्हरमध्ये शिरून बघता येतंच असं नाही, हे त्यांनी मान्य केलं. दोष नंतरच्या काळाचा. जास्त अधिकार असलेल्या खात्यांवर पुरेशी नजर नव्हती. आणि पहाऱ्याचं सॉफ्टवेअर फक्त कार्डाची माहिती असलेल्या तक्त्यांवर लावलं होतं. पासपोर्टच्या तक्त्याला पहारेकरीच नव्हता! चोराने तो तक्ता सुखाने उचलला. कार्ड असलेल्या तक्त्यातल्या ओळी मोजायला गेला आणि तिथे घंटा वाजली. कार्ड कंपन्यांचे नियम कडक म्हणून तिथे पहारा. पासपोर्टबद्दल तसं दटावणारं कुणी नव्हतं, म्हणून तिथे अंधार. मी स्वतः जेवढी ऑडिट पाहिली आहेत, त्यांत हेच चित्र दिसतं. जिथे तपासनीस येणार तिथे झाडलोट असते.

मॅरियटची बाजूही सांगायला हवी. मार्च २०१९मध्ये तेव्हाचे प्रमुख आर्ने सोरेन्सन अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर उभे राहिले, माफी मागितली आणि घटनाक्रम तारीखवार सांगितला. कंपनीच्या तपासात घुसखोरी स्टारवुडच्या नेटवर्कपुरतीच आढळली, मॅरियटच्या मूळ नेटवर्कमध्ये हा पाहुणा पोचलेला दिसला नाही. म्हणजे जुनं घर वेगळं ठेवण्याचा फायदा झालाच. घाईघाईत व्हल्हालाला मॅरियटच्या डोमेनमध्ये जोडलं असतं, ट्रस्ट बांधला असता, गाळणी काढली असती, तर काय झालं असतं?

याचं उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही. दुसऱ्या एका कंपनीत ते घडलं, आणि त्याची झळ आपल्या न्हावाशेव्याला लागली.

मर्स्क. तीही दुसऱ्या कंपन्या पोटात घेत वाढलेली. २००५मध्ये तिने पी अँड ओ नेडलॉइड घेतली, तेव्हाच्या यंत्रणा एक करण्याच्या गोंधळात गिऱ्हाइकं गमावली, हे जहाजधंद्यातले लोक अजून सांगतात. पुढे जगभरची कार्यालयं एका नेटवर्कवर आली, छान सपाट, सगळीकडून सगळीकडे वाट. २७ जून २०१७ला नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ओडेसाच्या कार्यालयात एका यंत्रावर ते सॉफ्टवेअर होतं. तिथून मिमिकॅट्झसारखंच तंत्र वापरून ते डोमेनच्या पायऱ्या चढत गेलं आणि जगभर पसरलं. जेएनपीटीत मर्स्कच्या एपीएम टर्मिनल्सचं जीटीआय टर्मिनल आहे, ते ठप्प झालं. कंटेनर आत येईनात, बाहेर जाईनात, ट्रकना थांबायला जागा करून द्यायची वेळ बंदराच्या प्रशासनावर आली. ओडेसातल्या एका हिशेबनिसाचा कॉम्प्युटर आणि उरणचा ट्रक ड्रायव्हर यांचा संबंध हा असा.

मर्स्कचे जगभरात सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. हजेरीपुस्तकाच्या १५० प्रती, एकमेकींच्या बॅकअप. सगळ्या एकाच वेळी पुसल्या जातील असं कुणी धरलंच नव्हतं. एक वाचली, घानामधली, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! आपल्याकडे लोडशेडिंगला इतक्या शिव्या दिल्या आहेत, पण हे एक उदाहरण नोंदवून ठेवा. 'वायर्ड' मासिकाच्या वार्तांकनानुसार तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते, आणि घानाच्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो हार्डडिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, आणि ती लंडनला पोचली. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

तर हा पेच आहे बघा. जुना सर्व्हर डोमेनमध्ये जोडलात तर त्याचा आजार तुमच्या घरात येतो. वेगळा ठेवलात तर तिकडे कुणी फिरकत नाही आणि पोटभाडेकरू सुखाने राहतो. मला विचाराल तर वेगळा ठेवणं बरं, पण एका अटीवर. वेगळ्या ठेवलेल्या घराला नव्या घरापेक्षा जास्त पहारा हवा, आणि काकांना शेवटच्या दिवसापर्यंत पगारावर ठेवायला हवं. १३ अब्जांच्या सौद्यात काकांचा दोन वर्षांचा पगार किती टक्के होतो, ते तुम्हीच काढा.

व्हल्हाला २०१८च्या अखेरीस बंद झाली. ठरलेल्या वेळापत्रकानुसारच. घंटा तीन-चार महिने उशिरा वाजली असती, तर सर्व्हर भंगारात गेला असता आणि कदाचित हे कुणाला कधीच कळलं नसतं. माझ्या झोपेला त्रास देणारा हाच विचार आहे. अशा किती विलीनीकरणांत घंटा वाजायच्या आधीच पुरावा स्क्रॅपमध्ये गेला असेल?

प्रकरण मात्र संपलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मॅरियटने अमेरिकेतल्या ४९ राज्यांना आणि वॉशिंग्टन डीसीला मिळून ५.२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, आणि व्यापार आयोगाच्या आदेशानुसार सुरक्षेची नवी व्यवस्था बसवायचंही. त्याच आदेशात तिसरी एक चोरी आहे, २०२०पर्यंत चाललेली. ती मॅरियटच्या स्वतःच्या नेटवर्कमधली. म्हणजे सगळा दोष सासरच्यांचाच नव्हता.

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेरीलँडच्या न्यायालयात एक गोष्ट उघड झाली. पाच वर्षं मॅरियट सांगत होती की चोरीला गेलेले कार्ड क्रमांक एईएस-१२८ या पद्धतीने कुलूपबंद होते. आता वकिलांनी सांगितलं की तसं नव्हतं, एसएचए-१ होतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एईएस हे कुलूप आहे, किल्लीशिवाय उघडत नाही. एसएचए-१ हे कुलूपच नाही, तो ठसा आहे. ठशावरून मूळ आकडा उलटा काढता येत नाही हे खरं, पण कार्डाच्या १६ आकड्यांपैकी पहिले ६ बँकेचे, शेवटचा पडताळणीचा. उरले ९. म्हणजे एका बँकेच्या मालिकेत शंभर कोटी शक्यता. गेम खेळायचं चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला त्याहून जास्त एसएचए-१ ठसे काढून बघू शकतं. चोरीत एकूण ८६ लाखांच्या आसपास कार्डं होती, त्यातली साडेतीन लाख सप्टेंबर २०१८मध्ये मुदतीत होती. न्यायाधीशांनी खुलासा करायला सांगितल्यावर कंपनीने तो आपल्या वेबसाइटवरच्या २०१९च्या जुन्याच पानावर, खाली, छोटासा टाकला. नवीन निवेदन काढलं नाही. पाच वर्षांत सर्व्हर गेला, त्याला सांभाळणारे गेले, आणि त्याच्यात नेमकं काय बसवलं होतं हे सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं, असा माझा अंदाज आहे. वकिलांना विचाराल तर ते वेगळं सांगतील.

चला, आज वेळ जास्त झाला. पुढचा भाग सांबावर. कॅनबेराच्या विद्यापीठातल्या अँड्र्यू ट्रिजेलने मायक्रोसॉफ्टची नेटवर्कची भाषा बाहेरून ऐकून ऐकून कशी शिकून घेतली, आणि शब्दकोशात एस, एम, बी शोधताना त्याला ते नाव कसं सापडलं, ती गोष्ट. तुमच्या ऑफिसात "बंद करू नये" लिहिलेला एखादा डबा असेल तर कंपनीचं नाव न लिहिता कळवा. भेटू.